काळा दगड आणि दुसरा काटा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मसुदा)



सर आम्हाला आठवीला भूगोल शिकवायचे, पण शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली कशी कोण जाणे, त्यांच्याच खिशात असे. एका पावसाळ्यात ते रुमालात बांधून दोन वस्तू वर्गात घेऊन आले. एक काळ्या कातळाचा तुकडा आणि दुसरी बांधावरची चुनखडी. कातळावर त्यांनी ॲसिडचे चार थेंब टाकले, काही झालं नाही. चुनखडीवर टाकले, तर ती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. "काय बाहेर पडलं?" सरांनी विचारलं. कोणी म्हणालं धूर, कोणी म्हणालं वाफ. सर म्हणाले, "हवा. पावसाने धरून आणली, या काळ्या दगडाने बांधून ठेवली आणि मी आत्ता सोडली." मग हात झटकून त्यांनी आफ्रिकेचा नकाशा उघडला.

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला पुढची चाळीस वर्षं लागली. आजचा माझा विषय त्याच वाक्यातला आहे. हवेत साचलेला जादा कार्बन परत खाली आणून बांधता येतो का? येत असेल, तर खरोखर किती बांधला हे मोजायचं कोणी? पहिल्या प्रश्नावर जगात पुष्कळ बोललं जातं. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं कारण उसाच्या गाडीशी जोडलेलं आहे. तिथे येईनच.

आधी साठा किती ते पाहू. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे २८० रेणू होते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा हा आकडा ३१५च्या आसपास होता. मे २०२५मध्ये तिथली महिन्याची सरासरी ४३०च्या पुढे गेली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण यातला एकेक आकडा वाढतो तेव्हा हवेत सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. म्हणजे २८०च्या वर आज अकराशे अब्ज टनांच्या आसपास ओझं लटकतं आहे. आणि कोळसा, तेल, वायू जाळून आपण दर वर्षी त्यात आणखी ३७ अब्ज टन सोडतो. त्यातला निम्म्याहून अधिक झाडं, माती आणि समुद्र शोषून घेतात, म्हणून बरं.

हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीने, आयपीसीसीने, २०१८च्या अहवालात सरळ लिहिलं की तापमानवाढ दीड अंशावर रोखायची असेल, तर या शतकात १०० ते १००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेतून काढावा लागेल. पुष्कळांनी यातला सोयीचा भाग तेवढा उचलला: काढता येतो ना, मग जाळायला हरकत नाही. अहवाल तसं म्हणत नाही. आधी उत्सर्जन वेगाने खाली आणायचं आणि जे काही केल्या बंद होत नाही, त्याच्यापुरतं आणि मागच्या थकबाकीपुरतं काढायचं, असा त्याचा हिशेब आहे.

आता काढायचं कसं?

सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर झाडाचं. त्यावर मी फार वेळ घेणार नाही. झाड लावावं, जरूर लावावं. सावलीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी लावावं. पण आपल्या राज्यात २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला आणि २०२१ साली त्या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमायची वेळ आली, हे विसरून चालत नाही. रोप लावल्याचा फोटो निघतो, ते जगल्याचा निघत नाही. शिवाय झाडातला कार्बन वणव्याच्या एका दुपारी परत हवेत जातो. आपण जाळतो तो कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीत होता. त्याची फेड पन्नास वर्षांच्या सागाने होत नाही.

दुसरं उत्तर यंत्राचं. आइसलँडमध्ये हेलिशेइदी इथे क्लाइमवर्क्स कंपनीने सप्टेंबर २०२१मध्ये 'ओर्का' नावाचा प्रकल्प सुरू केला. मोठाले पंखे हवा ओढतात, आतल्या गाळणीला कार्बन डायऑक्साइड चिकटतो, मग गाळणी तापवून तो वेगळा काढतात. जाहीर क्षमता वर्षाला ४००० टन. प्रत्यक्ष काम त्याहून बरंच कमी झालं. पण चार हजार पुरते धरले तरी जग तेवढा वायू साडेतीन सेकंदांत सोडतं. मी हे हिणवायला सांगत नाही. पहिलं विमानही काही मीटरच उडालं होतं. अडचण वेगळी आहे. एक टन वायू मिळवायला तेरा लाख घनमीटर हवा गाळावी लागते, तीही प्रत्येक कण हाती लागला तर. आणि त्याला लागते सुमारे दोन हजार युनिट उष्णता, वर पाच-सहाशे युनिट वीज. आइसलँडमध्ये जमिनीतून वाफ येते, त्यांना ते परवडतं. हेच यंत्र आपण चंद्रपूरला बसवलं आणि सगळं ग्रीडच्या विजेवर चालवलं तर काय होईल? आपल्या ग्रीडच्या एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन पकडायला आपण पावणेदोन टन सोडू! कोळशावर चालणारी वीज आहे तोवर त्या विजेवर हवा गाळणं म्हणजे विहीर उपसण्यासाठी तिच्यात नळ सोडून ठेवणं. स्वच्छ वीज हाती आली, तरी ती आधी कोळशाची भट्टी विझवायला वापरली तर हिशेब कितीतरी बरा बसतो.

हेलिशेइदीची खरी कमाई मला पंख्यांच्या खाली, जमिनीत दिसते. तिथे 'कार्बफिक्स'च्या लोकांनी २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून खालच्या बेसाल्ट खडकात सोडला. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्के वायू दगड होऊन बसला. शेकडो-हजारो वर्षं लागतील असा अंदाज होता. बेसाल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह त्या आंबट पाण्यात सुटतं आणि वायूला धरून खनिज होतं. सरांच्या रुमालातली चुनखडी, फक्त घाईने केलेली.

बेसाल्ट म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारायला हवेत. आपल्या पायाखाली दुसरं आहे काय? सह्याद्री बेसाल्ट, अजिंठा-वेरूळ बेसाल्ट, रायगडाचा कडा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला हा लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कोयनेजवळ शास्त्रीय कामासाठी खोल विवर घेतलं, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला. मग आइसलँडचा प्रयोग इथे का नको, असा प्रश्न येतोच. माझं उत्तर 'प्रयोग जरूर, घाई नको' असं आहे. एक तर आपला बेसाल्ट वयस्कर. त्याची भोकं गारगोट्यांनी आणि झिओलाइटांनी केव्हाच भरली आहेत; जगभरच्या संग्रहालयांत आपले जे सुंदर स्फटिक जातात ते याच भोकांतले. दुसरं, आइसलँडच्या पद्धतीत एका टन वायूला पंचवीसेक टन पाणी लागतं. म्हणजे दहा-बारा हजार लिटरचे दोन टँकर. मराठवाड्यात एप्रिल महिन्यात हे कोणाला सांगून बघा. समुद्राचं पाणी वापरण्याचे प्रयत्न तिकडे चालू आहेत. ते साधले तर कोकणपट्टीपुरता विचार करता येईल. आणि तिसरं म्हणजे ११ डिसेंबर १९६७ची भूकंपाची पहाट ज्यांनी कोयनेत पाहिली, त्यांच्यासमोर 'खडकात दाबाने पाणी भरू' असं म्हणताना जरा जपून बोलावं.

तर खडकात वायू नेण्याऐवजी खडकच वायूकडे न्यावा, ही तिसरी वाट. खरं तर ही सर्वांत जुनी वाट आहे. पाऊस हवेतून येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून आणतो आणि किंचित आंबट होतो. मातीत मुळांच्या श्वासाने तो आणखी आंबट होतो. हे पाणी काळ्या दगडाला खातं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवतं, आणि वायू बायकार्बोनेट होऊन नदीवाटे समुद्रात जातो. तिथे तो दहा हजार वर्षं आणि त्याहून जास्त राहतो. कोरड्या मुलखात मात्र पाणी वाटेतच आटतं आणि त्याची मातीत चुनखडी होते. तेव्हा धरलेल्या वायूपैकी निम्मा परत सुटतो. पृथ्वीवरचे सगळे खडक मिळून या रीतीने वर्षाला अब्जभर टन वायू गिळतात. फ्रान्सच्या काही संशोधकांनी नर्मदा-तापीच्या पाण्यातले क्षार मोजून २००१ साली एक हिशेब मांडला. दख्खनचा लाव्हा ओतला गेला तेव्हा त्याच्या वायूंनी पृथ्वी तापली. पण नंतर हाच खडक झिजत झिजत त्याने इतका वायू ओढला की दहाएक लाख वर्षांनी हवा पूर्वीपेक्षाही थोडी थंड झाली. ज्याने घाण केली त्यानेच झाडून घेतलं, फक्त वेळ लावला. आपली काळी कपाशीची जमीन हा त्या झाडलोटीचा केर आहे. तो केर खाऊन आपण दोन हजार वर्षं जगलो, हा भाग निराळा.

हा वेग वाढवायचा कसा? दगड दळायचा. जितकी पूड बारीक तितकं पाण्याला खायला अंग जास्त. ही पूड आपल्याकडे प्रत्येक खडीक्रशरवर ढिगाने पडलेली असते. शेतात टाकली की दगड झिजतो, वायू बांधला जातो, वर पिकाला थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका मिळते. २०२०च्या एका मोठ्या अभ्यासाने म्हटलं की चीन, भारत, अमेरिका, ब्राझील अशा देशांनी हे केलं तर वर्षाला अर्धा ते दोन अब्ज टन वायू काढता येईल. आणि २३ एप्रिल २०२५ रोजी कार्बन काढण्याच्या स्पर्धेतलं एक्सप्राइझचं पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं ते 'माती कार्बन' नावाच्या संस्थेला. नाव मराठी वाटतं. संस्था अमेरिकेतली, काम मात्र मुख्यतः भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या भातखाचरांत. शेतकऱ्याला पूड फुकट मिळते. खर्च निघतो कार्बन क्रेडिट विकून. हवेतून काढलेल्या टनाला परदेशी कंपन्या शेकडो डॉलर मोजतात.

मला हे ऐकून आनंद झाला, हे आधी सांगतो. आणि लगेच वडील आठवले.

आमचा ऊस ज्या कारखान्याला जायचा त्याचं नाव घेत नाही. वडील गाडी भरली की आधी बाजारपेठेतल्या खासगी काट्यावर नेत, पैसे भरून वजनाची पावती घेत, मग कारखान्याच्या रांगेत लागत. एका हंगामात दोन पावत्यांत दोन क्विंटलांचा फरक पडला. काट्यावरचा माणूस म्हणाला, "आमच्या काट्यावर विश्वास नाही का?" वडील म्हणाले, "आहे की. म्हणून तर दोन्ही पावत्या जपून ठेवल्यात." पुढच्या वर्षी तोडणीची टोळी आमच्या फडात वीस दिवस उशिरा आली. ऊस वाळला, वजन आणखी घटलं. काटामारी हा शब्द मी शाळेत शिकलो नाही, तिथे शिकलो.

उसाची मोळी निदान डोळ्यांना दिसते. इथे विकला जातो तो माल कोणालाच दिसत नाही. विकणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही, ज्याच्या शेतात तो तयार झाला त्यालाही नाही. म्हणून काटा कसा चालतो ते समजून घेणं भाग आहे.

एक टन बेसाल्ट पुरता झिजला तर फार तर तीनशे किलोच्या आसपास वायू बांधतो. त्यातून दगड फोडायची, दळायची वीज आणि डंपरचं डिझेल वजा करायचं. खाण शेतापासून जितकी लांब, तितकं उरतं कमी. मग प्रश्न येतो की दगड झिजला किती? यासाठी एक सुंदर युक्ती आहे. दगडात टायटॅनियम असतं आणि ते हट्टी असतं, पाण्यात जात नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम मात्र वाहून जातं. मातीचा नमुना काढून टायटॅनियमवरून कळतं की पूड किती पडली, आणि उरलेल्या कॅल्शियमवरून कळतं की झिजली किती. टायटॅनियम हा घरात थांबलेला साक्षीदार. कोण बाहेर गेलं ते त्याच्यावरून ओळखायचं.

आता गोम बघा. छत्तीसगडच्या तांबड्या-पिवळ्या मातीत काळी पूड ओळखू येते. पण विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात? ती मातीच मुळी बेसाल्टची. टायटॅनियम तिच्यात आधीच भरलेलं. काळ्यात काळं मिसळल्यावर साक्षीदार ओळखायचा कसा? शिवाय आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, आम्लतेच्या उलट बाजूला झुकलेली. तिथे दगड सावकाश झिजणार. रसायनाच्या दृष्टीने कोकणातल्या जांभ्या मातीची आंबट, भरपूर पावसाची भातखाचरं कितीतरी सोयीची. म्हणजे जिथे दगड आहे तिथे त्याची गरज कमी, आणि जिथे गरज आहे तिथे तो घाट उतरून न्यावा लागणार. आणखी एक. युरिया मातीत मुरताना आम्ल तयार होतं. दगड त्या आम्लाने झिजला तर हवेतला वायू बांधलाच जात नाही. टायटॅनियमची साक्ष मात्र 'दगड झिजला' अशीच पडते. काटा चढता दाखवणार आणि गोणी रिकामी.

दगड खोटा नाही. काटा अजून कच्चा आहे, आणि कच्च्या काट्यावर पक्क्या पावत्या फाटू लागल्या आहेत.

मोजमाप प्रामाणिक असलं की नकारही उपयोगी पडतो, याचं उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. समुद्रात लोह टाकलं तर सूक्ष्म शैवाल माजतं, ते वायू ओढून घेतं आणि मरून तळाला बसतं, अशी एक कल्पना १९८०च्या दशकाअखेरपासून गाजत होती. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने २००९च्या सुरुवातीला 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. नावातला 'लोहा' आपलाच. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख. 'पोलारश्टेर्न' जहाज दक्षिण महासागराकडे निघालं आणि पर्यावरणवाद्यांनी गदारोळ केला. जर्मन सरकारने काम थांबवलं, तपासणी केली, मग परवानगी दिली. तीनशे चौरस किलोमीटरच्या एका भोवऱ्यात काही टन हिराकस विरघळवून सोडला. शैवाल वाढलं. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, म्हणून काचेच्या कवचाचं शैवाल वाढलंच नाही. जे मऊ शैवाल वाढलं ते कोपेपॉड नावाचे बारके जीव खाऊन गेले आणि त्यांना त्यांच्याहून मोठे खाऊन गेले. तळाकडे कार्बन जवळजवळ गेलाच नाही. वैज्ञानिकांनी तसंच जाहीर केलं. कोणाला टन विकायचे नव्हते, त्यामुळे काट्यावर बोट ठेवायचं कारणही नव्हतं. माझ्या मते लोहाफेक्स हा आपल्याकडच्या वैज्ञानिकांनी केलेला या विषयातला सर्वांत मोलाचा प्रयोग आहे, आणि तो फसला म्हणूनच मोलाचा आहे.

बायोचारबद्दल दोन शब्द, कारण आजवर प्रत्यक्ष पोचवलेल्या टिकाऊ कार्बनमध्ये सर्वांत मोठा वाटा त्याचा आहे. विदर्भात कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या बांधावर पेटवून देतात. त्याच कमी हवेत भाजल्या तर कोळसा होतो, तोच बायोचार, आणि तो मातीत दीर्घकाळ टिकतो. इथे निदान माल हातात धरता येतो, पोत्यात भरून काट्यावर ठेवता येतो. लहान शेतकऱ्याने सुरुवात करायची तर इथून करावी, असं मी सांगेन.

आता कोणाची थकबाकी कोण फेडतं आहे, हेही बोललं पाहिजे. आजवर हवेत गेलेल्या कोळसा-तेलाच्या वायूपैकी जवळपास चौथाई एकट्या अमेरिकेचा. भारताचा वाटा तीन-चार टक्के. आजही इथला माणूस वर्षाला दोनेक टन सोडतो, तिथला चौदाच्या आसपास. हवेतून काढलेल्या टनांच्या बाजारातली सर्वांत मोठी ग्राहक मायक्रोसॉफ्ट आहे. तिने टन विकत घेतले यात गैर काही नाही. कोणीतरी सुरुवातीचे चढे भाव मोजल्याशिवाय कुठलंच तंत्र स्वस्त होत नाही. पण टन तिच्या खात्यावर एकदा जमा झाला की तो आपल्या देशाच्या हिशेबातही धरणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. एका उसाची दोन बिलं निघत नाहीत. आपली सोपी आणि स्वस्त जमीन आज दुसऱ्याच्या थकबाकीपोटी दिली, तर उद्या आपल्या सिमेंट आणि पोलादासाठी महाग तेवढंच उरेल. याचा विचार दिल्ली-मुंबईत व्हायला हवा. तो होईल तेव्हा होईल.

तोवर तुमच्या गावात कोणीतरी येईल. चांगली शिकलेली मुलं असतील, टॅब घेऊन येतील, पूड फुकट देतील आणि कागदावर सही मागतील. त्यांना हाकलू नका, चहा द्या. पूड घ्यायलाही हरकत नाही. पण ती कोणत्या खाणीची आहे आणि तिच्यात निकेल, क्रोमियम किती आहे याचा प्रयोगशाळेचा कागद आधी मागा. विकलेल्या टनातला तुमचा हिस्सा किती, तो करारात मराठीत लिहून घ्या. आणि पूड टाकण्याआधी ते मातीचा नमुना काढतील, तेव्हा त्याच खड्ड्यातली किलोभर माती सावलीत वाळवून, तारीख आणि गट नंबर घालून, कोरड्या बरणीत आपल्या घरी ठेवा. दर वर्षी ठेवा. तोच तुमचा दुसरा काटा.